वाचकांचे प्रश्न : खिशाला झेपणारी पिस्तुलं

मागच्या महिन्यात जुन्या पिस्तुलांच्या संग्रहाबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीग पडला. अर्ध्या लोकांना एकच विचारायचंय, स्वस्तात चांगलं काय मिळेल. परवान्याचे नियम, किती हत्यारं ठेवता येतात, चालू स्थितीतली ठेवता येतात की निकामी करूनच, हे सगळं प्रत्येक देशात वेगळं असतं. ते आधी आपापल्या ठिकाणी नीट विचारून घ्या, इथे मी त्यात पडत नाही. कागद झालेत असं धरूनच उत्तरं देतोय.

प्रश्न : बजेट कमी आहे, पण निदान तीन तरी हँडगन घ्यायच्यात. शोकेसमध्ये नुसत्या ठेवायच्या नाहीत, रेंजवर अधूनमधून चालवायच्याही आहेत. सुरुवात कुठून करू? — नवा शौकीन

सगळ्यात आधी "दुर्मिळ" हा शब्द डोक्यातून काढा. नवीन माणूस हमखास तिथेच फसतो, कमी बनलेलं म्हणजे भारी असं त्याला वाटतं. संग्राहक म्हणून पुढे जाऊन वाटू दे, पण आत्ता तुम्हाला उलटं पाहिजे, म्हणजे लाखांनी बनलेलं, कुठल्यातरी सैन्याने नाहीतर पोलिसांनी वीस-तीस वर्षं वापरलेलं साधं सर्व्हिस पिस्तूल. का, तर त्याच्या खोडी सगळ्यांना माहीत असतात, मॅगझिन (गोळ्या भरायचा डबा) मिळतं, स्प्रिंग मिळते, आणि तुटलं तर दुरुस्त करणारा "हे काय आणलंत" म्हणून तोंड बघत बसत नाही.

पहिलं रिव्हॉल्व्हर घ्या. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 10. 1899 पासून बनतंय, नाव आधी "मिलिटरी अँड पोलिस" होतं, 1957 मध्ये नंबर पडला, आणि आतापर्यंत साठेक लाख तरी बनली असतील. सहा गोळ्या, काडतूस .38 स्पेशल, दिसायला एकदम सरळमार्गी. पोलिसांकडून बाहेर पडलेले पीस वरून खूप वाईट दिसतात, नळीच्या टोकाला आणि सिलिंडरच्या कडांना ब्लूइंग (पोलादावरचा काळा-निळा थर) उडालेलं, दस्त्याला ओरखडे, त्यामुळे किंमत पडते. पण ते सगळं होल्स्टरमध्ये घासून घासून झालेलं असतं. पोलिसवाल्याने ते रोज कमरेला लावलं आणि वर्षातनं एकदा-दोनदा सरावाला चालवलं, म्हणजे वरून म्हातारं आणि आतून जवळजवळ कोरं. मला तरी असं पोट चांगलं असलेलं घासलेलं पिस्तूल चकाचक पिस्तुलापेक्षा जास्त आवडतं. एक लक्षात ठेवा, सिलिंडर बाहेर काढल्यावर फ्रेमच्या खाचेत मॉडेल नंबर ठोकलेला दिसतो, तो नसेल तर पीस 1957 च्या आधीचा, त्यात जास्त दाबाची +पी काडतुसं घालू नका.

दुसरं मकारॉव. 1951 मध्ये सोव्हिएत सैन्याने घेतलं, आठ गोळ्यांचं, नळी फ्रेमला पक्की बसवलेली, भाग इतके कमी की पहिल्यांदा खोलल्यावर काहीतरी हरवलं की काय असं वाटतं. चापाच्या पुढची कडी खाली ओढायची, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे नेऊन उचलायची, झालं. रशियन, बल्गेरियन, पूर्व जर्मन, चिनी असे प्रकार आहेत, त्यात पूर्व जर्मन फिनिशिंगला सरस म्हणून महाग, बल्गेरियन दिसायला थोडं राकट पण चालायला तितकंच. बजेटवाल्याने बल्गेरियन घ्यावं आणि गप्प बसावं. याच काडतुसाचं चेक सीझेड 82 मिळालं तर तेही बघा, त्यात बारा गोळ्या बसतात, सेफ्टी दोन्ही बाजूंना, आणि हातात मकारॉवपेक्षा छान बसतं. दोन्हीपैकी एकच घ्या म्हणालात तर मी सीझेड घेईन, पण मकारॉवशिवाय संग्रह हे ऐकायला मला जरा कसंतरीच वाटतं.

तिसरं .22, म्हणजे अगदी छोट्या काडतुसाचं. हसू नका. रुगरने 1949 मध्ये पहिलं .22 पिस्तूल काढलं आणि तीच जात मार्क 2, मार्क 3, मार्क 4 करत आजही चालू आहे. पिस्तूल स्वस्त आणि गोळी त्याहून स्वस्त, म्हणजे बाकीची दोन कपाटात विश्रांती घेत असताना तुमचा हात याच्यावर बसणार. फक्त मार्क 4 च्या आधीचं घेतलंत तर पहिल्यांदा खोलून परत जोडायला एक सुट्टीचा दिवस आणि घरच्यांपासून लांब अशी एक खोली राखून ठेवा, तोंडातून काय काय निघेल सांगता येत नाही.

प्रश्न : मकारॉव 9 एमएमच आहे ना? मग साधी 9 एमएमची काडतुसं, जी सगळीकडे मिळतात, ती चालतात का? दुकानदार म्हणाला "थोडाफार फरक असतो".

त्या दुकानदाराकडून परत काही घेऊ नका. 9 एमएम हे आडनाव आहे, त्या घरात चार-पाच जण राहतात. 9 बाय 17 म्हणजे .380, 9 बाय 18 म्हणजे मकारॉव, 9 बाय 19 म्हणजे पॅराबेलम ज्याला सगळे नुसतं 9 एमएम म्हणतात, आणि 9 बाय 23 म्हणजे स्पॅनिश लार्गो. दुसरा आकडा केसच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या पुंगळीच्या लांबीचा. वर मकारॉवची गोळी नावाला 9 पण प्रत्यक्षात साधारण 9.27 मिलिमीटरची, आणि पॅराबेलमची 9.01. त्यात पॅराबेलमचा दाब जास्त, आणि मकारॉवमध्ये स्लाइड कुलूपबंद होतच नाही, नुसत्या स्प्रिंगच्या आणि स्लाइडच्या वजनाच्या जोरावर सगळं चालतं. तेव्हा नाही, चालत नाही, "एखादी टाकून बघू" हेही नाही.

असाच घोळ रिव्हॉल्व्हरमध्ये .38 एस अँड डब्ल्यू आणि .38 स्पेशलचा. नावं सख्ख्या भावांसारखी, पण पहिल्याची केस आखूड आणि जाड, दुसऱ्याची लांब आणि बारीक. जुन्या ब्रिटिश एनफिल्ड नंबर 2 ला आखूडवालं लागतं. मी तरी प्रत्येक हत्याराच्या डब्यावर आतून बाहेरून काडतुसाचं पूर्ण नाव लिहून ठेवतो. बायको म्हणते लोणच्याच्या बरण्यांसारखं दिसतंय, दिसू दे.

प्रश्न : जुनं रिव्हॉल्व्हर घेताना नेमकं काय तपासायचं? माझ्यासमोर दोन आहेत, एक रशियन नागां 1895 आणि एक ब्रिटिश वेब्ली मार्क 6. दोन्ही "एकदम टकाटक" असं विकणारा म्हणतोय.

विकणारा काय म्हणतो ते सोडा, हातात घ्या. आधी सिलिंडर रिकामं आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, एकेक भोक, मग त्याच्या परवानगीने पुढचं.

घोडा अगदी हळू मागे ओढा, इतका हळू की क्लिक ऐकू यायच्या आधी बोटाला कळलं पाहिजे, आणि तेव्हाच दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सिलिंडरला अगदी हलका ब्रेक लावून ठेवा. घोडा पूर्ण मागे अडकला तेव्हा सिलिंडरही जागेवर ठक्कन बसलेलं पाहिजे. घोडा अडकला पण सिलिंडर केसभर मागे राहिलं तर टायमिंग गेलंय, म्हणजे गोळी नळीच्या बरोबर मधोमध न जाता कड खरडत जाणार. सहाच्या सहा, नागांला सातच्या सात, सगळ्या भोकांना हे करा, कारण बऱ्याचदा एकच दात झिजलेला असतो आणि तो सहाव्याला सापडतो, तोपर्यंत आपण कंटाळून "ठीक आहे" म्हणालेलो असतो. मग सिलिंडर धरून पुढे-मागे हलवा. किंचित हालचाल चालते, खडखड वाजलं तर ठेवून द्या. शेवटी नळीत मागून टॉर्च मारून पुढून बघा. नळीतल्या पीळदार खाचा काळपट असल्या तरी चालेल, जुन्या काडतुसांनी होतं तसं, पण मध्येच एखादं गडद कडं दिसलं तर तिथे कधीतरी गोळी अडकलेली असताना दुसरी मारलीय आणि नळी फुगलीय. बाहेरून बोट फिरवलंत तर कधीकधी तो फुगवटा बोटालाही लागतो.

आता तुमच्या दोघांबद्दल. नागां मला मनापासून आवडतं, कारण ते एक विचित्र आणि हुशार यंत्र आहे. घोडा ओढला की सिलिंडर फिरतं आणि वर पुढे सरकून नळीला चिकटतं, आणि काडतुसाच्या केसचं तोंड गोळीच्याही पुढे असतं ते नळीत शिरून फट बंद करतं, त्यामुळे बाकी रिव्हॉल्व्हरमधून फटीतून उडणारा गॅस इथे उडत नाही. हे सगळं करायला जो जोर लागतो तो तुमच्या बोटाने द्यायचा, म्हणून नुसता चाप ओढून मारायला गेलात तर दोन बोटं लावावीशी वाटतात. घोडा मागे ओढून मारा, मग बरं चालतं. गोळ्या एकेक करून बाजूच्या खिडकीतून भरायच्या, रिकाम्या पुंगळ्याही तशाच एकेक ढकलून काढायच्या. हळू काम आहे. पण मजबूत म्हणाल तर दगड, आणि सोव्हिएत कारखान्यांतून नव्याने दुरुस्त होऊन गोदामात पडलेली पुष्कळ निघाली म्हणून स्वस्त.

वेब्ली मार्क 6 मात्र जपून. 1915 चं हे मॉडेल .455 काडतुसाचं. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशात गेलेल्या पुष्कळ वेब्लींचं सिलिंडर मागून घासून पातळ केलंय, का तर .45 एसीपी हे अमेरिकन पिस्तुलाचं काडतूस बसावं म्हणून, ते सहज मिळायचं. बसतं, पण नेहमीच्या .45 एसीपीचा दाब या रिव्हॉल्व्हरच्या मूळ काडतुसापेक्षा बराच जास्त. आजवर फुटलं नाही याला नशीब म्हणायचं. सिलिंडरच्या मागच्या बाजूवरचे नंबर अर्धे कापलेले दिसले, किंवा विकणाऱ्याने .45 एसीपी काडतुसं धरून ठेवणाऱ्या अर्धचंद्र क्लिपा "फ्री" म्हणून सोबत दिल्या, तर काय ते समजा. शोभेला घ्यायचं असेल तर घ्या, पण किंमत तशी द्या. चालवायचंय तर नागां.

प्रश्न : सगळे नंबर जुळणारं (म्हणजे सगळ्या भागांवर एकच नंबर असलेलं) वॉल्थर पी 38 घ्यावं की पी 1? किमतीत जवळजवळ दुप्पट फरक आहे. — इतिहासाचा नाद असलेला

इतिहासाचा नाद आहे म्हणताय म्हणून उत्तर अवघड, नाहीतर मी डोळे झाकून पी 1 म्हणालो असतो. पी 38 म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन पिस्तूल, स्टीलची फ्रेम, एसी, बीवायएफ, सीवायक्यू असे कारखान्यांचे छुपे कोड. पी 1 तेच पिस्तूल पण 1957 पासून पश्चिम जर्मन सैन्यासाठी परत बनायला लागलेलं, फ्रेम अॅल्युमिनियमची, पी 1 हे नाव 1963 मध्ये पडलं. सत्तरच्या दशकात फ्रेममध्ये षटकोनी स्टीलची पिन टाकून ती मजबूत केली, चालवायला घ्यायचं तर ती पिन बघून घ्या, बाजूने स्पष्ट दिसते. चालवायला पी 1, नंबर बघत बसायला पी 38, इतकं सोपं आहे ते.

पण "नंबर जुळतात" या शब्दांवर मी एकदा चांगलाच भाजलोय म्हणून सांगतो. पहिलं पी 38 घेतलं तेव्हा काळंभोर, आरशासारखं, सगळे नंबर जुळणारं, आणि मी इतका हरखलो की खिशातलं भिंग बाहेरच काढलं नाही. घरी येऊन टेबललँपखाली धरलं तर स्लाइडवरची अक्षरं पाण्यात भिजलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखी, कडा बुळबुळीत. आणि पिना-स्क्रूंची भोकं! कारखान्यातल्या भोकाची कड कोरीव धारदार असते, याची सगळी भोकं बशीसारखी आत उतरलेली, कारण पॉलिशच्या चाकावर धरलं की चाक भोकाच्या कडेलाच जास्त खातं. म्हणजे कुणीतरी गंज काढायला घासून, नव्याने ब्लूइंग करून, आणि एक नंबर तर नक्कीच नंतर ठोकलेला होता, त्याच्यातला 4 बाकीच्या 4 पेक्षा बुटका. विकणारा म्हणाला मलाही माहीत नव्हतं. असेलही. तेव्हापासून मी एक करतो, पिस्तूल बघायच्या आधी भोकं बघतो, मग अक्षरं, मग कडा, आणि चकाकी सगळ्यात शेवटी. ते पी 38 अजून माझ्याकडे आहे, चालतं पण झकास, फक्त कुणाला दाखवताना मी नंबरांचा विषय काढत नाही.

प्रश्न : सीझेड 52 फार स्वस्तात मिळतंय, दिसायला पण जबरदस्त. घेऊन टाकू?

घ्या, पण आधी ऐका. हे चेक पिस्तूल यंत्र म्हणून मजेदार आहे, दोन रोलर बाजूला जाऊन नळी आणि स्लाइड अडकवतात, काडतूस 7.62 बाय 25, आवाज आणि जाळ दोन्ही दणदणीत. दोन खोडी आहेत. काडतुसाच्या बुडावर आपटणारी मूळ फायरिंग पिन ठिसूळ असते, रिकामं पिस्तूल टकटक वाजवत बसलात तर मोडते, म्हणून चांगल्या स्टीलची बदली पिन टाका, महाग नसते. आणि सेफ्टीची कळ वर ढकलून घोडा खाली पाडायची जी सोय आहे तिच्यावर भरवसा ठेवू नका, जुन्या झिजलेल्या पिस्तुलात ती करताना गोळी सुटल्याचे प्रकार झालेत. गोळी आत असताना ती कळ वापरायचीच नाही, संपला विषय.

त्याच काडतुसाचं सोव्हिएत टोकारेव टीटी 33 मिळत असेल तर मी ते आधी घेईन. मूळ टोकारेवला सेफ्टीची कळच नाही, फक्त घोडा अर्ध्यावर अडकवायची खाच, पण पिस्तूल साधं आणि आतलं घोडा-स्प्रिंगचं सगळं यंत्र एका तुकड्यात उचलून हातात येतं, साफ करताना कौतुक वाटतं. युगोस्लाव्हियाचं झास्तावा एम 57 म्हणजे तेच, दस्ता जरा लांब, आठऐवजी नऊ गोळ्या. मॅगझिन मात्र एकमेकांत चालत नाहीत, हे घेताना विसरायचं नाही.

प्रश्न : स्पॅनिश स्टार बीएम घेतलं, तिसऱ्या-चौथ्या गोळीला दर वेळी अडकतं. फसलो का?

बहुतेक नाही, मॅगझिन बघा. सेल्फलोडिंग, म्हणजे पुढची गोळी आपोआप चढवणारं पिस्तूल अडकलं की लोक पिस्तुलाला शिव्या देतात, दहातल्या बऱ्याच वेळा दोष त्या पत्र्याच्या डब्याचा असतो. वरचे दोन ओठ बघा, एक वाकलेला असला की गोळी तिरकी चढते. दुसरं मॅगझिन लावून त्याच काडतुसांनी परत चालवा, दोन्हीत अडकलं तर मग स्लाइड परत पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग बदला, चाळीस वर्षं दबून दबून तिच्यात जीव राहिलेला नसतो. स्टार कंपनी 1997 मध्येच बंद पडली, तेव्हा चांगलं मॅगझिन दिसेल तिथे घेऊन ठेवा, आज नको असलं तरी.

मॅगझिनवरनं आठवलं, पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी स्पेनमधून रूबी नावाची .32 ची पिस्तुलं प्रचंड मागवली, ती इतक्या छोट्या-मोठ्या कारखान्यांनी बनवली की एकाचं मॅगझिन दुसऱ्यात चालेना, म्हणून फ्रेमवर आणि मॅगझिनवर बनवणाऱ्याची दोन अक्षरं ठोकायची वेळ आली. आज रूबी स्वस्तात मिळतात, घ्यायचं तर ती दोन अक्षरं दोन्हीकडे एकच आहेत ना ते बघा. चालवायला कामाचं नाही म्हणा, कारागिरी एका पिसाची एक आणि दुसऱ्याची दुसरीच.

प्रश्न : पिस्तूल मूळ चामड्याच्या होल्स्टरमध्येच ठेवलं तर संग्रहाला शोभा येते ना? आणि जुनी लष्करी काडतुसं वापरली तर चालतं का?

होल्स्टर शेजारी ठेवा, पिस्तूल आत नको. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली आम्लं-क्षार त्यात असतात, आणि पिस्तूल आत ठेवून सहा महिन्यांनी काढलंत तर होल्स्टरच्या शिलाईचा नकाशा गंजाने त्याच्यावर उमटलेला मिळेल. फोमच्या गादीवाल्या कव्हरमध्येही फार दिवस ठेवायला नको, तेही ओल धरतं. तिजोरीत सिलिका जेल, आणि आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास किंवा खाली. तेलाचा अगदी पातळ हात, निथळेल इतका नाही, कारण ते तेल हळूहळू लाकडी दस्त्यात मुरतं आणि लाकूड काळं करून टाकतं. फारसं न चालवायचं असेल तर म्युझियमवाले वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण उत्तम. आणि बघायला आलेल्या पाहुण्यांच्या हातून परत आलं की पुसा, कुणाकुणाच्या घामाला इतका क्षार असतो की दुसऱ्या दिवशी अंगठ्याचा ठसा तांबूस दिसतो. माझा एक मित्र आहे तसा, त्याला मी हातमोजे देतो, तो चिडतो.

जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टिकलीत) पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड म्हणजे एक प्रकारचं मीठच राहतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं. तेलाने मीठ विरघळत नाही, नुसतं झाकलं जातं आणि खाली गंज चालू. त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवायची, पूर्ण कोरडी करायची, मग तेल. पिस्तुलाला पाणी लावताना पहिल्यांदा जीव वरखाली होतो, पण लावा. अशी काडतुसं स्वस्त मिळतात म्हणून घेणारे पुष्कळ, संध्याकाळी दमून आल्यावर "उद्या धुऊ" म्हणणारेही तेवढेच.

प्रश्न : आजोबांचं मॉडेल 10 रीतसर कागद होऊन माझ्या नावावर झालंय. ब्लूइंग अर्ध्याहून जास्त उडालंय, दस्ता त्यांच्या हाताने एका बाजूला गुळगुळीत झालाय. चकचकीत निकेल करून घेऊ का? एक जण स्वस्तात करून देतोय.

नको.

टायमिंग तपासून घ्या, नळी साफ करा, तेलाचा बोळा फिरवा आणि ठेवून द्या. दस्ता तर अजिबात बदलू नका.